कोटा : दिलेला आणि लावलेला

विचारणा अशी आहे : 'तुरीचा आयात कोटा 2 लाख टनांवरून 4 लाख टन केला, अशी 2019 सालची बातमी वाचली. या कोट्याला मराठी शब्द काय? आणि कोट्यामुळे डाळ स्वस्त होते की महाग?'

कोटा म्हणजे ठरवून दिलेला वाटा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रेशनचा कोटा, मॅनेजमेंट कोटा, मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातला फ्लॅट. गंमत अशी, की यातला प्रत्येक कोटा कुणाला तरी काहीतरी मिळवून देतो. त्यामुळे आयातीच्या कोट्याची बातमी आली की वाण्याच्या दुकानात कुणीतरी हमखास म्हणतं, 'चला, सरकारनं डाळीचा कोटा दिला, आता भाव उतरेल.' पिशवी खाली ठेवून मी भांडायला उभा राहतो. अहो, दिला नाही, लावला! कोटा 'देतात' तेव्हा दार उघडतं; कोटा 'लावतात' तेव्हा कुलूप लावावं तसा लावतात. सगळा अर्थ क्रियापदात आहे आणि आपण नाम धरून बसतो.

2016-17 ला तूर उदंड पिकली, भाव हमीभावाच्या खाली गेले. म्हणून 5 ऑगस्ट 2017 ला केंद्रानं तुरीची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित', म्हणजे परवान्यावरच आणता येईल अशी, केली आणि वर्षाला 2 लाख टनांची हद्द घातली. (मोझांबिकशी सरकारी करार झाला होता, ती तूर यातून वगळली.) म्हणजे हा कोटा भाव सावरायला होता, उतरवायला नव्हे. तो 4 लाखांवर नेला तेव्हा कुलूप सैल झालं, एवढंच. हद्द घट्ट असेल आणि घरचं पीक कमी असेल तर गिऱ्हाइकाला महागच पडतं. वर, आयातशुल्काचे पैसे निदान तिजोरीत जातात. कोट्यात बाहेरच्या स्वस्त तुरीचा आणि इथल्या चढ्या भावाचा फरक परवाना ज्याच्या हाती त्याला मिळतो. तुरीत ते परवाने डाळगिरण्यांना होते.

आता मुद्द्याची गोष्ट. 'दशरथाचा राम हा कितवा मुलगा?' हे इंग्रजीत विचारून दाखवा, असं म्हणून मास्तर आम्हाला अडवायचे. इंग्रजीला 'कितवा' नाही. पण लॅटिनला होता : 'क्वोतुस' म्हणजे कितवा, स्त्रीलिंगी 'क्वोता' म्हणजे कितवी. 'क्वोता पार्स', कितवा भाग! त्यातला 'भाग' गळाला, 'कितवी' तेवढी उरली आणि तीच इंग्रजीत नाम होऊन आपल्याकडे कोटा म्हणून आली. इंग्रजीनं प्रश्नच गिळला आणि उत्तराला त्याचं नाव दिलं. मुळातला 'क्वोत' म्हणजे किती; तो संस्कृत 'कति'चा सख्खा भाऊ, आणि आपलं 'किती' त्याच कुळातलं. तेव्हा कोटा परका म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आणखी आहे. याच 'क्वोत'वरून ग्रंथातल्या प्रकरणांना आकडे घालण्याचं क्रियापद झालं आणि त्यातून कोटेशन. व्यापारी फोनवर भावाचं कोटेशन देतो, सरकार मालाचा कोटा लावतं. दोघी एकाच आईच्या. एकीनं हात आखडला की दुसरी चढते.

काही जाणकार मात्र 'कोटा'ला आपल्या कोठ्यातून, कोठारातून, म्हणजे थेट 'कोष्ठ'पासून ओढून काढतात. ध्वनी जुळला की नातं जुळलं, ही यांची रीत. 'ठ'चा 'ट' कसा झाला, विचारलं की 'बोलीत होतो' म्हणतात. मग 'कोठी'ची 'कोटी' का नाही झाली? असंच जुळवायचं तर फारसी 'कोताह'वरून आलेला आपला 'कोता' घ्या. कोत्या मनाचा, तोकडा. आयातीचा कोटा अर्थानं तरी याच्याच जवळचा आहे. पण ही थट्टा. उद्या कुणी व्युत्पत्ती म्हणून छापू नये.

हां, मराठी शब्द. 'नियतन' नको, तो रेशनच्या धान्याचा, म्हणजे पुन्हा देण्याचाच. तुरीसाठी सरळ 'आयातमर्यादा' म्हणा. मात्र जून 2020 मध्ये 5 लाख टन मका 15 टक्के या सवलतीच्या शुल्कानं आणायला परवानगी दिली, तिथं 'मर्यादा' पुरत नाही. तिथं मर्यादा सवलतीला होती. त्याला 'सवलतीचा कोटा' म्हणावं, आणि तो खुशाल 'दिला' म्हणावा.