बाबांना डिमेन्शिया झालाय, त्यांनी दिलेल्या पॉवर ऑफ ॲटर्नीच्या आधारे मी सही करू का?

परळच्या एका ताईंनी विचारलंय, आणि रिडेव्हलपमेंट सुरू झाल्यापासून हाच प्रश्न बऱ्याच घरांतून येतोय. बाबांनी 2019 साली ताईंच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार दिला, रजिस्टर्ड आहे. पुढे डिमेन्शिया झाला, आता बाबा कधी ओळखतात कधी नाही. पुढच्या महिन्यात बिल्डरबरोबर नव्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट आहे, त्यावर मी सही केली तर चालेल ना?

ताई, करू नका. स्टॅम्प, साक्षीदार सगळं ठीक असेल, पण कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 201 सांगतं की पॉवर देणारा वारला किंवा त्याची समज गेली की एजन्सी, म्हणजे त्याच्या वतीने वागायचा तुमचा अधिकार, संपली. कागदावर इरिव्होकेबल, म्हणजे रद्द न होणारी, असं लिहिलंय म्हणता, त्याने फरक पडत नाही. अधिकार तरीही टिकतो म्हणून कलम 202 चा आधार घ्यायचा तर त्या घरात आज तुमचा स्वतःचा हक्क लागतो, पुढे वारस म्हणून मिळेल हे त्यात धरत नाहीत. बिल्डरची माणसं म्हणतील चालतं, करा सही, पण उद्या तो फ्लॅट विकताना किंवा भावाने हरकत घेतली की हीच सही निघणार.

मला वाईट याचं वाटतं की निदान झाल्यावरही बाबा बरेच दिवस व्यवस्थित होते असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हाच कोणाला विचारलं असतं तर गिफ्ट डीड, म्हणजे घराचं बक्षीसपत्र, झालं असतं. पॉवर आहे ना हातात, म्हणून सगळे निवांत बसले.

आता आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा. कलम 12 प्रमाणे, एरवी समज नसलेला माणूस भानावर असताना केलेला करार धरला जातो. बाबांना खरंच कळतंय असं डॉक्टरांनी लेखी दिलं तर बाबाच सही करतील, आणि आजारपणामुळे सब-रजिस्ट्रारला घरी बोलावता येतं, तशी तरतूद आहे. पण ओढूनताणून सर्टिफिकेट आणू नका.

तसं नसेल तर हायकोर्टात बाबांसाठी पालक, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, नेमण्यासाठी अर्ज. किती वेळ लागेल हे कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, आणि मेडिकल रिपोर्ट कधी येतो त्यावर, मी तारीख देणार नाही. म्हणून सोसायटीला आणि बिल्डरला आजच लेखी कळवा की अर्ज करतोय, बाबांच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट थांबवा. मेंटेनन्स, लाइट बिल भरत राहा, घर सांभाळायला कायदा अडवत नाही. भावंडांची संमती असेल तर ॲफिडेव्हिट आत्ताच करून घ्या, अर्जाला जोडायला लागतील.