वडशाजवळ वैनगंगेत भरतीसोबत डोंग्याने वर जाऊन ओहोटीसोबत त्याच दिवशी परत येता येईल का?

नाही, वैनगंगेत तसे करता येणार नाही, कारण ही नदी प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळत असली तरी समुद्र वडशापासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि भरतीचे पाणी इथवर पोहोचत नाही. कोकणातल्या खाडीत सुमारे १२ तास २५ मिनिटांत पाणी चढून उतरते, म्हणून तिथे वेळ साधली तर जाता-येता दोन्ही वेळा प्रवाहाची साथ मिळते. इथे मात्र वर जाताना सारी भिस्त वल्ह्यावर असते. गावातल्या ढिवर बांधवांसोबत मी अनेकदा डोंग्याने वर गेलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो की सकाळी ताज्या दमाने प्रवाहाविरुद्ध निघावे आणि परतीची वाट प्रवाहासोबत ठेवावी. दिवाळीनंतरचे दिवस त्यासाठी उत्तम, कारण उन्हाळ्यात रेती उघडी पडते आणि डोंगा ओढत न्यावा लागतो. मात्र वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे व त्याची दारे उघडली की पात्रातले पाणी वाढते, त्यामुळे प्रशासनाची विसर्गाची सूचना पाहिल्याशिवाय आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कृपया पाण्यात उतरू नका.