विंडोज ७ वर क्रोम १०९ छान चालतंय, तरी ब्राउझर बदलायलाच हवा का?

हो, बदलायलाच हवा. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप विंडोज ७ चा आहे, क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, एक-दोन साइट सोडल्या तर सगळं उघडतं आणि नेटबँकिंगही त्यावरूनच होतं. यातलं नेटबँकिंग आजच थांबवा. तोवर अपडेट असलेल्या फोनवरून करा आणि बँकेचा पासवर्डही तिथूनच बदला.

क्रोम १०९ जानेवारी २०२३ मध्ये आलं. पुढच्याच महिन्यात आलेल्या ११० ला किमान विंडोज १० लागतं, म्हणून तुमचं तिथेच अडकलं. आता प्रश्न असा की तेव्हा जे सुरक्षित होतं, ते काहीही न बदलता धोक्याचं कसं झालं? तर धोका दुरुस्तीमुळेच वाढतो. क्रोम ज्या क्रोमियमवर उभं आहे त्याचा कोड खुला आहे. एखादं भोक, म्हणजे सुरक्षेतली त्रुटी, बुजवलं की बदललेल्या ओळी सगळ्यांना दिसतात आणि जाणकार माणूस त्यावरून मूळ भोक कुठे होतं ते शोधून काढतो. ज्यांना अपडेट मिळालं ते सुटले. तुमच्यापर्यंत ते येतच नाही, म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये कुठून शिरायचं याची माहिती बाहेर वाढतच चालली आहे. दुरुस्ती जाहीर होणं आणि ती लोकांपर्यंत पोचणं यातला वेळ कमी करण्यासाठीच गूगलने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा-अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली.

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या लायब्ररीतली (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमधली) चूक उघडकीला आली. वेबपी प्रकारची चित्रं दाखवायला ती वापरतात. मुद्दाम बिघडवलेलं चित्र पानावर नुसतं उमटलं तरी मेमरीत नको त्या जागी लिहिलं जाई आणि हल्लेखोराला आपला कोड चालवायची वाट मिळे. ना क्लिक, ना डाउनलोड. दुरुस्ती आली तेव्हा गैरवापर आधीच सुरू झाला होता. क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांनाच घाईने अपडेट काढावं लागलं. म्हणून ‘मी ओळखीच्याच साइटवर जातो’ यावर विसंबू नका. ओळखीच्या पानावरच्या जाहिराती तिसरीकडूनच येतात. अँटिव्हायरसचा भर मुख्यतः डिस्कवरच्या फायलींवर असतो. ब्राउझरच्या मेमरीत घडणारं सगळं त्याला दिसेलच असं नाही.

साइट न उघडण्याचं कारण साधं आहे. सीएसएसचा, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा, न कळलेला नियम ब्राउझर सोडून देतो, त्यामुळे मांडणी विस्कटते पण पान दिसतं. पानावरची बटणं वगैरे चालवणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये मात्र अनोळखी वाक्यरचना आली की ती अख्खी फाइल नाकारली जाते आणि ‘सबमिट’चं बटण दाबलं तरी काहीच होत नाही. ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा येत असेल तर आधी लॅपटॉपची तारीख बघा. इतक्या जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सेल (बहुधा सीआर २०३२) संपलेला असू शकतो; मग तारीख मागे जाते आणि साइटची ओळख पटवणारं चांगलं प्रमाणपत्रही अवैध ठरतं.

आता उपाय. तात्पुरता म्हणजे मोझिलाच्या साइटवरून फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची शाखा. सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी तिची मुदत अनेकदा वाढवली गेली, पण तिच्यावर कायमचं राहू नका. शिवाय खालची विंडोज उघडीच राहते: विंडोज ७ चा सर्वसामान्य सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बरंच नवं प्रोसेसर लागतं, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

माझ्या मते तुमच्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बरी. रॅम ४ जीबी असेल तर आरामात चालते. मिंट त्यावर चढवून इन्स्टॉल करायला पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या; तो पूर्ण पुसला जाईल. तो तयार करायला रुफस हा प्रोग्रॅम वापरणार असाल तर ३.२२ आवृत्ती घ्या, ४ पासूनची रुफस विंडोज ७ वर सुरूच होत नाही. आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. जीएसटी किंवा ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असाल तर ते लिनक्सवर चालतं का, हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा. बरेच जण इथेच अडकतात.

क्रोममधले पासवर्ड सेटिंग्जमधून एक्स्पोर्ट होतात, पण ती सीएसव्ही फाइल कुणालाही वाचता येते. नव्या ब्राउझरमध्ये घेतले की ती पुसा, रिसायकल बिनमधूनही.

शोधाशोध करताना ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे अपडेट करा’ असं एखादं पान समोर आलं तर तिथून काहीही उतरवू नका. असली पानं मालवेअर पसरवायला सर्रास वापरतात. खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूतल्या ‘मदत’खाली, ‘क्रोमबद्दल’ किंवा ‘फायरफॉक्सबद्दल’ इथेच मिळतं, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतं.