गाडी दोन मिनिटांत थांबते, रोबोटिक्सचा क्लास लावू का?

पत्र थोडक्यात असं: मुलगा नववीत आहे. शाळेत टेक्निकलचा विषय असल्यामुळे वर्कशॉप आहे आणि यंदा तिथे रोबोटिक्सची ओळख सुरू झाली आहे. त्याच्या गटाने काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी बनवली. ती दोन मिनिटं नीट चालते, मग अडखळते आणि थांबते. थोडा वेळ तशीच ठेवली की परत चालते. मुलगा रोज प्रोग्राम बदलून बघतो. शहरातला एक क्लास अठरा हजारांत किट, शिकवणी आणि सर्टिफिकेट देतो. तो लावावा का, आणि दहावीनंतर या विषयात पुढे काय, असं आईने विचारलं आहे.

ताई, नमस्कार.

क्लास आत्ता लावू नका. कारण सांगण्याआधी गाडीकडे बघू या, कारण तुमच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर तिच्यातच आहे.

‘थोडा वेळ ठेवली की परत चालते’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. प्रोग्राम चुकला असता तर गाडी रोज त्याच जागी, तशीच चुकली असती. विश्रांती घेऊन सुधारते ती बॅटरी. गाडीवर चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर संशय पहिला तिच्यावर. ही बॅटरी मल्टीमीटरसारख्या (व्होल्टेज मोजायचं यंत्र) अगदी थोडा प्रवाह ओढणाऱ्या वस्तूंसाठी असते. पिवळी बीओ मोटर (अशा गाड्यांच्या चाकांना लावतात ती छोटी मोटर) मोकळी फिरताना साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते, पण सुरू होताना किंवा अडकली की त्याच्या कितीतरी पट. अशा दोन मोटरींचा भार आला की बॅटरीचा व्होल्टेज बसतो. आर्डुइनो ऊनोला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या बोर्डाला, बाहेरून निदान ७ व्होल्ट द्यावेत असं बनवणारेच सांगतात. व्होल्टेज फार खाली गेला की बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि बघणाऱ्याला गाडी अडखळल्यासारखी दिसते.

हे ताडून बघायला एक मिनिट पुरतं. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, टोकं बॅटरीला लावायची, चाकं जमिनीवर टेकलेली असताना गाडी चालवायची आणि आकडा वाचायचा. चाकं हवेत धरून मोजलं तर भारच येत नाही आणि आकडा फसवतो.

उपाय म्हणजे १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडायचे. पूर्ण भरले की ८.४ व्होल्ट, एरवी ७.४. एल-२९८-एन हा मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरींना वीज देणारा भाग) त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, त्यामुळे मोटरीला साडेपाच-सहा मिळतात. बीओ मोटरीला तेवढे योग्य आहेत. दोन्ही मिळून ७ वर आले की थांबून चार्ज करायचे. सेलवर ९९०० एमएएच (सेलच्या क्षमतेचा आकडा) छापलं असेल तर घेऊ नका. या आकाराचा चांगला सेलही चार हजारांच्या पुढे जात नाही. हे सेल शॉर्ट झाले तर पेटू शकतात. म्हणून होल्डर आणि स्विच हवाच, चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर आणि मोठं माणूस समोर असताना.

बॅटरी बदलूनही गाडी अडखळली तर मोटरीचे डाग, म्हणजे वायर सोल्डरने जोडलेल्या जागा, बघायला सांगा. मोटरीची तांब्याची पट्टी फार पातळ असते. वायर दोनदा ओढली गेली की ती तुटते किंवा डाग सुटतो आणि हादऱ्याबरोबर जोड लागतो-सुटतो. पंचवीस वॉटचा कय्या (सोल्डर वितळवायचं हत्यार) घ्यायचा, आधी पट्टी तापवायची आणि सोल्डर पट्टीवर वितळवायचं. कय्याच्या टोकावर वितळवून थापलेला डाग वरून गोल दिसतो, आतून कोरडा राहतो. दोन पट्ट्यांमध्ये ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर डागला तर मोटरीचा विद्युत गोंगाट बोर्डापर्यंत कमी पोचतो. बॅटरी, ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडलेले आहेत ना, हेही बघा. नवख्या गटांकडून ही वायर फार वेळा राहते.

मुलांना सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या एनेबल पिनांवरच्या दोन छोट्या जम्पर-टोप्या. त्या काढून तिथे आर्डुइनोची ५ आणि ६ नंबरची पिन जोडली नाही, तर प्रोग्राममध्ये वेग कितीही कमी लिहा, मोटर पूर्ण वेगानेच पळते आणि वळणावर पट्टी सोडते. पिना ९ आणि १० का नकोत? पुढे सर्व्हो मोटर लावली की तिची लायब्ररी (ती चालवणारा तयार प्रोग्राम) ऊनोवर नेमक्या या दोन पिनांचं वेगनियंत्रण बंद पाडते.

काळी पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरचं थोडक्यात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक, जमिनीपासून पाच ते दहा मिलिमीटर वर, चाकांच्या बऱ्याच पुढे. पांढऱ्यावर त्याचा दिवा लागेल आणि काळ्यावर विझेल असा निळा स्क्रू फिरवायचा. खिडकीतलं ऊन पडलं की सेन्सर गोंधळतो. भोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावा.

आता वर्कशॉप. तुमच्या मुलाच्या शाळेत कानस, गुण्या, सेंटर पंच, बेंच व्हाइस आहे, ही त्याची खरी कमाई आहे. अठरा हजारांच्या किटमध्ये चेसिस (गाडीचा सांगाडा) तयार येते आणि नेमका हा भाग शिकायचा राहून जातो. चार मिलिमीटरच्या प्लायवर १५ बाय १० सेंटिमीटरची पाटी आखायची, सेंटर पंच मारून ३ मिलिमीटरची भोकं पाडायची, दोन्ही मोटरींचे आस गुण्याने एका रेषेत आणायचे. आस थोडे तिरके बसले तरी गाडी एका अंगाला ओढते, आणि मुलं ते प्रोग्राममध्ये दुरुस्त करत बसतात. ॲक्रिलिकला भोकापाशी तडा जातो, म्हणून सुरुवातीला प्लायच. मोटर धरणारे ३० मिलिमीटरचे बोल्ट फार आवळले तर प्लास्टिकचा गिअरबॉक्स दाबला जाऊन चाक जड फिरतं. पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा आग्रह धरतो आहे. रोबोटिक्सला तो तंतोतंत लागू पडतो.

पैसे खर्चायचेच असतील तर एक साधा मल्टीमीटर, कय्या, दोन जादा मोटरी आणि सेल-चार्जर घ्या. संपूर्ण गाडीचं सामान सुटं घेतलं तरी साधारण दोन हजारांच्या आसपास बसतं. प्रोग्रामचा सराव शाळेच्या संगणकावर टिंकरकॅड या वेबसाइटवर फुकट होतो. मात्र तिथे डाग सुटत नाही आणि आस तिरका बसत नाही, म्हणून प्रत्यक्ष गाडी सोडू नये. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या शिक्षकांनाही भेटा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच त्या आहेत.

सर्टिफिकेटचा प्रवेशाला उपयोग नाही. पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, तेव्हा गणित आणि विज्ञानाला वेळ द्या. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा (मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅट्रॉनिक्स) आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता हाताने काम आवडणाऱ्या मुलाला मला जास्त योग्य वाटतो. अकरावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटीचा रस्ताही चांगला आहे, पण त्यात दोन वर्षं वर्कशॉप सुटतं. लवकर कमावायची गरज असेल तर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक किंवा फिटर ट्रेड बघा. कारखान्यात रोबो सांभाळणाऱ्याचा बराच वेळ मळलेला सेन्सर, वाकून वाकून आतून तुटलेली केबल आणि गळणारी हवेची नळी शोधण्यात जातो.

म्हणून मुलाला एक वही द्या. तारीख, काय बिघडलं, काय मोजलं, काय बदललं, एवढंच लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली नोंद पुढच्या तासाची: गाडी चालू असताना बॅटरीचा आकडा. सातच्या खाली गेला तर बॅटरी काढून सेल लावा, वर राहिला तर मोटरीच्या डागांपासून सुरुवात करा.