डी अँड डी ५ई (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती): शत्रूला ग्रॅपल करून (पकडून ठेवून) पाडलं तर लांबून बाण मारणाऱ्याला काय मिळतं? आणि तो शत्रू आपल्या टर्नला उठू शकतो का?

बाणाचं आधी. प्रोन, म्हणजे आडव्या पडलेल्या, शत्रूवर पाच फुटांच्या आतून हल्ला केला तर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा; डिसअ‍ॅडव्हान्टेजला लहान), त्यापेक्षा लांबून केला तर डिसअ‍ॅडव्हान्टेज. ग्रॅपलने फक्त त्याचा स्पीड (एका टर्नमध्ये किती फूट सरकता येतं ते) शून्य होतो, तुमच्या हल्ल्याच्या रोलला काही मिळत नाही. त्यामुळे लांबच्या धनुर्धराला डिसअ‍ॅडव्हान्टेजच.

आता उठण्याचं. नाही उठू शकत. यावरून माझं एका डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) वाजलं होतं आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

माझा बार्बेरियन (रांगडा योद्धा) पाचव्या लेव्हलला पोचला होता, एक्स्ट्रा अटॅक (एका टर्नला दोन हल्ले) नुकताच हाताशी आला होता. समोर ओगर नावाचा धिप्पाड राक्षस, त्याच्या शेजारीच आमची क्लेरिक (पुरोहित), जेमतेम जिवंत. मी रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) गेलो, कुऱ्हाड खाली टाकून हात मोकळे केले, पहिल्या हल्ल्याऐवजी ग्रॅपल केलं आणि दुसऱ्याऐवजी शव्ह (ढकलून पाडणं). रेजमध्ये स्ट्रेंग्थच्या चेकला (ताकदीच्या रोलला) अ‍ॅडव्हान्टेज असतो, दोन्ही जमलं. ओगर आडवा. आता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. पडल्यापडल्या डिसअ‍ॅडव्हान्टेज घेऊन सोटा मारायचा, नाहीतर अख्खी अ‍ॅक्शन घालवून पकड सोडवायची आणि मग स्पीडच्या ४० पैकी २० फूट खर्चून उभं राहायचं. क्लेरिकला एक राऊंड मिळावा म्हणूनच मी हा डाव टाकला होता.

डीएम म्हणाला, "उठायला निम्मा स्पीड लागतो. स्पीड शून्य, शून्याचा निम्मा शून्य. फुकटात उठला." ओगर उठला, सोटा साध्या रोलवर बसला, क्लेरिकचे हिट पॉइंट शून्यावर. उठण्याच्या त्याच नियमात पुढे स्वच्छ लिहिलंय की स्पीड शून्य असेल तर उठता येत नाही. मी पान उघडून दाखवलं, तर म्हणे खेळ अडवू नकोस.

दोन नियम एकमेकांत अडकले की लोक गणित मांडायला बसतात. गणित करायचंच नाही. प्रत्येक नियमाचा मजकूर शेवटच्या वाक्यापर्यंत वाचायचा, तेवढंच लागू करायचं. अ‍ॅडव्हान्टेज-डिसअ‍ॅडव्हान्टेजचंही तेच: एका बाजूला तीन कारणं आणि दुसऱ्या बाजूला एकच असलं, तरी दोन्ही रद्द होऊन साधा रोल. वजाबाकी नाही.

म्हणूनच तुमच्या धनुर्धराला थोडा दिलासा आहे. तो पाच फुटांत आला तर जवळून बाण मारण्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि प्रोनचा अ‍ॅडव्हान्टेज कटतात. जवळून खंजीर चालवणाऱ्या रोगला (चोरट्या योद्ध्याला) मात्र तिथे चांदी, अ‍ॅडव्हान्टेज मिळाला की स्नीक अटॅक (जादा इजा) आलाच.

हे सगळं २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे. २०२४ च्या आवृत्तीत ग्रॅपल आणि शव्हला सेव्हिंग थ्रो (समोरच्याने वाचण्यासाठी टाकायचा फासा) आहे, आणि ग्रॅपल झालेल्याला पकडणारा सोडून इतरांवर हल्ला करताना डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. स्पीड शून्य असताना उठता येत नाही, हे तिथेही कायम आहे.

शेवटचा शब्द डीएमचा, हे मलाही मान्य आहे. त्याला नियम बदलायचा असेल तर त्याने खुशाल बदलावा, पण मोहीम सुरू होण्याआधी सांगावं. खेळाडूने अख्खी टर्न खर्चून डाव टाकल्यावर नियम फिरवणं हा अन्याय आहे. तुमच्या टेबलावर असं झालं असेल तर गप्प बसू नका, पुढच्या सेशनआधी विषय काढा.