पीजीमुळं मिळमिळीत झालं? तसं नाही भावा

तुमचं म्हणणं असं, की 1998-99 च्या डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (अमेरिकेतली ठरवून खेळायची टीव्हीवरची कुस्ती, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) जाळ होता, 2008 ला टीव्ही-पीजी (पोरांनी आईबापांच्या देखरेखीत बघावं असं रेटिंग) आलं आणि पोरखेळ झाला. आणि तुम्ही विचारता, आता नऊ वर्षांच्या पोराला काय दाखवू?

आधी आमच्या आबांचं सांगतो. उमेदीत तालमीत माती उकरलेला माणूस. टेन स्पोर्ट्सवर आम्ही पोरं त्यांचा रॉ हा दर आठवड्याचा कार्यक्रम बघायचो तेव्हा ते मागं खाटेवर बसून असायचे. गडी खुर्चीनं बडवला, रक्त आलं, तरी आबा ढिम्म. "पाठ लागली की रे, मग परत कसा उठला?" एवढंच विचारायचे. दुसरा प्रश्न, "ह्यांचं भांडण कशावरनं?" त्याचं उत्तर आम्हाला देता आलं की ते शेवटपर्यंत बघायचे. नाही आलं की झोपायचे.

माझ्या मते सगळं त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. त्या काळचा गाजलेला पैलवान स्टीव्ह ऑस्टिन चालला तो बिअर आणि मधल्या बोटामुळं नव्हे. मालकाशी नोकराचं भांडण होतं, ते कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या माणसालाही कळतं. शिवाय समोर डब्ल्यूसीडब्ल्यू ही दुसरी कुस्ती कंपनी होती. त्यांच्या नायट्रो कार्यक्रमानं सलग 83 आठवडे रॉला मागं टाकलं, म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकाला, विन्स मॅकमनला, हातपाय मारावे लागले. 2001 मध्ये त्यानं तीच कंपनी विकत घेतली आणि ती भूक संपली. पीजी यायला अजून सात वर्षं होती! आणि त्या सोनेरी काळातच, 2000 साली, म्हाताऱ्या मे यंग ह्या महिला पैलवानाच्या पोटी, कथानकात, रबरी हात जन्माला घातला होता. हेही आठवा की.

उलट 27 जून 2011 घ्या. पीजीचाच काळ. सीएम पंक हा पैलवान रॅम्पवर मांडी घालून बसला, मालकाच्या घराण्यावर बोलत सुटला आणि शेवटी माईक बंद पडला. रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर काटा येतो.

एका बाबतीत मात्र मी जुन्याच्या बाजूनं कधीच बोलणार नाही. डोक्यात खुर्ची. 2007 मध्ये क्रिस बेन्वा ह्या पैलवानानं बायकोला, पोराला मारून आत्महत्या केली. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार मार बसून झालेली भयंकर हानी दिसली. 2010 ला डोक्यावरचे खुर्चीचे वार बंद झाले. हे लहान पोरांसाठी नव्हे, पैलवानासाठी. ठरवून खेळलेल्या कुस्तीत खरं डोकं फुटावं, ह्यात कसली मर्दुमकी? कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती बघायला हजारो माणसं बसतात, तिथं तरी कोण खुर्ची घेऊन उतरतो?

आता पोराचं. 2014 ची रेसलमेनिया 30 (त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) लावा, पैलवान डॅनियल ब्रायनच्या दोन्ही लढती. पोरगं "येस, येस" करत घर डोक्यावर घेईल. 1997 ची ब्रेट हार्ट-ऑस्टिन लढत अजून चार-पाच वर्षांनी. रक्त आहे, पण ऑस्टिन हार न मानता बेशुद्ध पडतो ते त्याला तेव्हा कळेल. बायकांच्या नावाखाली त्या काळात जे चालायचं, ते सरळ पुढं ढकला.

आणि बघून झाल्यावर गादी जमिनीवर टाका. माझ्या भावानं माझ्यावर आरकेओ (मान धरून आपटायचा टीव्हीवरचा डाव) मारला होता, त्या पलंगाची फळी अजून विटांवर टेकलेली आहे.