अक्षौहिणी म्हणजे 'अगणित' नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की 'अक्षौहिणी' की 'अक्षोहिणी', आणि 'प्रचंड, अगणित' या अर्थाने वापरला तर चालतो का. नाही चालत. निवडणुका आल्या की सुरू होतं, अमक्याकडे कार्यकर्त्यांची अक्षौहिणी, तमक्याकडे ट्रोलांची अक्षौहिणी. अहो अगणित कसली, शेवटच्या घोड्यापर्यंत मोजलेली आहे ती!

अक्षौहिणी हे सैन्याचं माप, महाभारताच्या आदिपर्वात त्याचा हिशोबच दिलाय. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, ही एक पत्ति, म्हणजे सर्वांत लहान तुकडी, एकूण दहा. मग तिप्पट करत जायचं, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, असं सात वेळा, आणि शेवटी एकदा दहापट. झाले २,१८,७००. (चमू म्हणजे ७,२९० बरं का, पेपरवाले पंधरा खेळाडूंना चमू म्हणतात.) आकडा मोठा देखणा आहे, २, ३ आणि ५ सोडून चौथा मूळ अवयवच नाही, २७० च्या वर्गाची तिप्पट केली की अख्खी सेना उभी, आणि पायदळ बरोब्बर निम्मं, १,०९,३५०. अंकांची बेरीज १८ येते म्हणून अठरा पर्वं, अठरा दिवस असलं गूढ कुणी काढू नका, नऊने भाग जाणाऱ्या आकड्याची बेरीज ९, १८, २७ अशीच येणार, त्यात व्यासांचा काय हात?

आता खरी गंमत. कोशवाले सांगतात अक्ष म्हणजे आस, म्हणून रथ, आणि ऊहिनी म्हणजे समूह. मला हे कधीच पटलं नाही. दहात रथ एक, पायदळ पाच, आणि नाव मात्र रथाचं? अक्ष म्हणजे फासाही, आणि जुने फासे बेहड्याच्या फळांचे, त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा. नलोपाख्यानात, म्हणजे नळ-दमयंतीच्या कथेत, ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून दाखवतो, नळ खाली उतरून पडताळतो तर हिशोब बरोबर, आणि तोच ऋतुपर्ण नळाला अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या देतो. म्हणजे फासे आणि मोजदाद एकाच माणसाकडे! आणि ऊह म्हणजे तर्क, आपल्या ऊहापोहातला. तेव्हा अक्षौहिणी म्हणजे फाशांनी मोजलेली, असं मी म्हणतो. एका संस्कृतच्या सरांनी यावर 'कल्पनाविलास' असा शेरा मारला होता, मारू देत, दहातल्या एका रथाचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

हां, औकार राहिलाच. अक्ष अधिक ऊहिनी, नेहमीच्या संधीने 'ओ' च व्हायला हवा, पण पाणिनीच्या व्याकरणाला पुरवण्या जोडणाऱ्या कात्यायनाने या एका शब्दासाठी वेगळं वार्तिक म्हणजे पुरवणी-नियम लिहून 'औ' करून ठेवलाय, 'अक्षादूहिन्याम्' म्हणून. तेव्हा औच लिहा.